गोड पानाच्या कळ्या

कुंडीखाली पडलेल्या पांढुरक्या कळ्या सुनेने वेचून तळहातावर घेतल्या. सात कळ्या, सोबत दोन-चार कोवळी पानं, सगळी देठापाशी नेमकी खुडलेली. हे काही पाखराचं काम नव्हे.

गोड पानाचं ते रोप तिनेच आणलं होतं. साखरेची गोडी, पण साखरेचा उपद्रव नाही. सासरे घड्याळजी. रक्तातली साखर अशीच राहिली तर डोळ्यांवर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि डोळे गेले की घड्याळजीचं उरतं काय? पण सासऱ्यांनी पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं. "पाला गुरांनी खावा," म्हणाले. तरी ती रोज तीन पानं घालून चहा देई. कप रिकामा परत येई. चहा मोरीत जातो, याबद्दल तिला शंका नव्हती. आता बी धरायची वेळ आली, तर हा सूड. तिला रडूच आलं.

दुसऱ्या सकाळी तिने पाळत ठेवली. सासरे कुंडीवर वाकलेले, डोळ्याला भिंग, हातात घड्याळाचे स्क्रू उचलायचा चिमटा.

"सापडलात, बाबा."

ते दचकले. "फुलं धरली की पानं कडू होतात. रोपवाल्याला विचारून आलो."

"झाली कडू तर तुम्हाला काय? तुम्ही पिता कुठे?"

"तीन महिने पितोय." त्यांनी नजर चुकवली. "पाला म्हणालो होतो. आता आवडतो, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

तिला हसू फुटणार, तोच चिमट्याकडे लक्ष गेलं. त्यात पान होतं. कळी फांदीवर तशीच होती.

"बाबा, कधीपासून?"

"महिना झाला." ते हळू बोलले. "बारीक घड्याळं घेतच नाही मी आता."

मग त्यांनी भिंग काढलं. पोटच्या पोरालाही ते कधी हात लावू देत नसत. सदऱ्याच्या टोकाने पुसून त्यांनी ते तिच्यापुढे धरलं.

"तू खूड. मी फांदी धरतो."

भिंग अजून कोमट होतं. तिने कळी खुडली. "आज दुकान बंद. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं."

"जाऊ," सासरे हुज्जत न घालता म्हणाले. "आधी चहा ठेव. चार पानं घाल."