उसना दिलेला ठसा

मित्रांनो, कासुर्डीच्या एका गुऱ्हाळात खिळ्याला टांगलेला मी एक जुना पत्र्याचा ठसा आहे, आणि सध्या माझं पोट दुखतंय. खरं म्हणजे मला पोटच नाही. मधोमध कापलेली अक्षरं आहेत, म्हणजे नुसती भोकं. तरीही समोरच्या फळीवरची ती नवी खोकी दिसली की दुखतं.

दौंडच्या एका कारागिराने तेलाच्या रिकाम्या डब्यातून मला कापलं. माझ्या अंगावर एवढंच: 'पोपटराव, कासुर्डी'. गुळाची ढेप बारदानात शिवली की पोपटराव मला वर धरत, शाईचा बोळा फिरवत आणि उचलून घेत. खाली नाव उमटलेलं असे. त्यांचा गूळ काळसर, पण खमंग. रंग उजळावा म्हणून बरेच जण काहिलीत उकळणाऱ्या रसात पावडर टाकतात. पोपटरावांनी ती कधी टाकली नाही. बाजारात व्यापारी ढेप फोडून पाहत नसत. मला पाहिलं की पुरे.

माझं नाव झालं तसे शेजारी मला मागायला येऊ लागले. आमच्याकडे बैल उसना देतात, फवारणीचा पंप देतात, तसा मीही जाऊ लागलो. पलीकडच्या गुऱ्हाळाचा जालिंदर तर हक्काने नेई. मला त्यात मोठेपणा वाटे. सगळ्या गावाला मी हवा होतो!

मग घरात ज्ञानेश्वरी आली, पोपटरावांची सून. रसायनशास्त्र शिकलेली, मोजकं बोलणारी. तिला खोकी छापायची होती, पण तिने छापखाना गाठला नाही. आधी ती दुकानांतून हिंडली. आपला गूळ कोण घेतं, पुन्हा का घेतं, हेच विचारत राहिली. शिरूरचे बेकरीवाले विल्यमकाका तिला म्हणाले, "रंगाचं काय करू? केकला बिनपावडरीचा गूळ हवा, आणि दर वेळी तसाच हवा." त्यावरून तिने ठरवलं की आपण रंग लपवायचा नाही, तोच पुढे करायचा. खोकं आलं ते साध्या तपकिरी रंगाचं. वर लिहिलं होतं, 'काळसर आहे, कारण पावडर नाही.' आणि खाली माझंच नाव!

नाव माझं आणि मिरवणार ते. शाईचा डाग नाही, बोळ्याचा मार नाही. मी मनात म्हणायचो, पावसात भिजलंस की कळेल.

एके दिवशी विल्यमकाका स्वतःच गुऱ्हाळात आले. हातात ढेपेचा तुकडा, पिवळाधमक. त्याच्याबरोबरच्या बारदानावर मी उमटलेला.

"पोपटराव, हा कुणाचा गूळ?"

पोपटरावांनी तुकडा जिभेवर ठेवला. "आमचा न्हाई हा."

"ठसा तर तुमचाच आहे. माल कमी पडला, तुमचं नाव बघून बाजारातून उचलला. मी गिऱ्हाइकांना सांगतो, पावडर नाही. उद्या माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवील? नाताळची ऑर्डर मी दुसरीकडे देतो."

ती ऑर्डर गेली असती तर खोक्यांचं पहिलंच मोठं गिऱ्हाईक गेलं असतं, आणि शिरूरभर बभ्रा झाला असता तो वेगळाच. पोपटराव खाली बघत म्हणाले, "जालिंदरनं नेला हुता ठसा. शेजारी हाय. न्हाई कसं म्हणायचं?"

पोपटरावांची बायको मालनबाई चुलवणापाशी बसल्या होत्या. "अवो, बैल द्या, भाकरी द्या. नाव कुनी उसनं देतं व्हय? उद्या कुनी कुकू मागाय येईल, त्ये बी द्याल!"

विल्यमकाकांनाही हसू आलं. ज्ञानेश्वरी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "काका, हा ठसा आजपासून बंद. ज्या उकळीचा गूळ मी स्वतः तपासेन, तोच खोक्यात जाईल. बिघडला तर बिननावाचा विकू."

"आणि पुन्हा कुणी मागितला तर?"

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते उत्तर तिच्या हातात नव्हतं.

तेवढ्यात जालिंदरच दारात आला. "आप्पा, ठसा द्या की. गाडी भरून हुभी हाय."

मी नेहमीसारखा तयार झालो. पोपटरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग जालिंदरकडे.

"न्हाई देणार."

"आप्पा, पत्राच तर हाय!"

"पत्रा पायजे तर तेलाचा डबा ने. आन् गूळ आमच्यासारखा करायचा आसंल तर उद्या मी तुज्या काहिलीपाशी येऊन बसतो. पावडर सोड. मंग तुज्या नावाचा ठसा कर. आमचं नाव न्हाई मिळायचं."

जालिंदर रागाने निघून गेला. विल्यमकाकांनी पिवळा तुकडा कोपऱ्यात टाकला आणि म्हणाले, "नाताळची खोकी वेळेवर पाठवा."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी खिळ्यावरच आहे. खोकी दर आठवड्याला शिरूरला जातात आणि माझा जळफळाट थांबलेला नाही. पण त्यांच्या देखण्या रूपावर मी आता जळत नाही. जळतो ते यावर, की खोक्यात काय भरायचं आणि काय नाही, हे त्यांच्या जन्माआधीच कुणीतरी ठरवलं. त्यांना कुणाच्याही हाती दिलं जात नाही. तुमचंही नाव असंच जपा. ते मोठं झालं की मागणारे येतील, आणि ते आपलेच असतील. तेव्हा प्रेमाने, पण स्पष्ट नकार द्या. माझ्यासाठीही पोपटराव 'न्हाई' म्हणाले, पण तोवर मी सगळ्या गावाचा होऊन बसलो होतो.