हनोईच्या फुटपाथवर अडलेला रोलाटर

मित्रांनो, मी एक जुना रोलाटर आहे. चार चाकं, दोन ब्रेक, पुढे जाळीची टोपली आणि दमल्यावर टेकायला एक सीट. मला धरून म्हातारी माणसं चालतात. जर्मनीत, डार्मश्टाटला, साधनाआजींच्या घरी माझा मुक्काम असतो.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे मला उतारावरून शंभर वेळा सोडून माझे ब्रेक तपासले होते. सहा वर्षांपूर्वी आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मी त्यांच्याकडे आलो. मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्या सीटवर मोदकांचा डबा असायचा. लोक म्हणायचे, "आला आजींचा रथ!" तेव्हा मी फुगून जायचो. हल्ली कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मागचं डावं चाक कुरकुरतं आणि खरं सांगायचं तर मीही कुरकुरतो.

गेल्या ऑक्टोबरात आजींचा मुलगा शशिधर याने व्हिएतनामची सहल काढली. अकरा तास मी विमानाच्या पोटात बॅगांखाली दबून पडलो होतो. उतरल्यावर सगळ्यांनी आपापली बॅग कुठे चेपली ते पाहिलं. माझी विचारपूस कोणी केली नाही.

हनोईच्या हॉटेलात पाय ठेवताच शशिधरने फर्मान काढलं. "आई, आल्झो, तर असं करू, आज आपण तळ्यापर्यंत चालून बघू. जमलं तर छानच. नाही जमलं, तर पुढचे दहा दिवस तू रूमवर आराम कर. आम्ही फिरून येत जाऊ."

माझ्या मुठींवरची आजींची पकड घट्ट झाली. खिडकीत बसून दहा दिवस काढायला त्या एवढ्या लांब आल्या नव्हत्या.

बाहेर पडलो आणि माझं डोकंच फिरलं. फुटपाथवर स्कूटरी, स्कूटरींच्या मध्ये बुटके स्टूल, स्टुलांवर सूप पिणारी माणसं! मी चालायचं कुठून? दर चार पावलांनी मला उचलून रस्त्यावर ठेवायचं, की पुन्हा वर. शशिधर घामाने निथळत होता. "याला आणायलाच नको होतं," तो म्हणाला. म्हणजे खापर शेवटी माझ्याच डोक्यावर!

तळं समोर दिसू लागलं तिथे तर कहरच झाला. मधे रस्ता होता. सिग्नल हिरवा झाला, तरी वळणाऱ्या स्कूटरी थांबेनात. शशिधर आणि त्याची आठ वर्षांची कुहू रस्ता पूर्ण रिकामा होण्याची वाट पाहत उभे राहिले. हिरवा, लाल, हिरवा, लाल. वीस मिनिटं झाली. मला तर चाकं आपटावीशी वाटत होती.

"गेनाऊ, हेच म्हणत होतो मी," शशिधर वैतागून म्हणाला. "आई, नाही जमणार. चल परत."

"अरे, तीस वर्षं पुण्यात रस्ते ओलांडलेत मी," आजी म्हणाल्या. सिग्नल हिरवा होताच त्यांनी मला खाली उतरवलं. ना थांबल्या, ना पळाल्या. एका संथ लयीत सरळ चालत राहिल्या. स्कूटरी आमच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होत्या. अर्ध्यावर सिग्नल लाल झाला.

"आजी! एस इस्ट रोट!" लाल झालाय म्हणून कुहू मागून किंचाळली. आजींनी मान वळवली नाही. आम्ही पलीकडे पोचलोसुद्धा.

आजी माझ्या सीटवर बसल्या. त्यांना दम लागला होता. समोर तळं होतं आणि पाठीमागे, रस्त्यापलीकडे, बाप-लेक अजून हिरव्याची वाट पाहत होते. फोन वाजला.

"आई, तिथेच थांब! हलू नकोस!"

"मी पोचले रे. तू कसा येणार?"

शशिधरने एक पाय रस्त्यावर टाकला आणि लगेच मागे घेतला.

"थांब, मी न्यायला येते," आजी म्हणाल्या.

आणि त्या खरंच परत गेल्या. या वेळी माझी एक मूठ शशिधरने धरली, एक कुहूने, आणि मधे आजी. भर रस्त्यात शशिधरचे डोळे मिटलेले होते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना आणि जुन्या माणसांना जरूर सांभाळा. पण आम्हाला काय जमणार नाही, हे आम्हाला न विचारता ठरवू नका. त्या दिवशी तळ्याकाठी शशिधर आईशेजारी येऊन टेकला. मग त्याने पहिल्यांदाच विचारलं, "आई, उद्या तुला कुठे जायचंय?"