भाऊजींचा स्वतंत्र सर्व्हर

मशीनबाईला माणसांचा सोस कधीच नव्हता. शिलाई मशीन उघडलं की त्याचं दुखणं दिसतं, माणूस उघडला की नुसतं भाषण बाहेर पडतं, असं तिचं ठाम मत. तरीही चार वर्षांपूर्वी तिने आपल्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, सुट्या भागांच्या कपाटावर एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि मशीन दुरुस्तीचं ऑनलाइन चर्चामंडळ सुरू केलं. ते कुठल्या बड्या कंपनीचं नव्हतं. असे सर्व्हर लोक जागोजागी आपापल्या घरी चालवतात, ते एकमेकांशी जोडलेले असतात आणि एकावर लिहिलेलं बाकीच्यांवरही वाचता येतं. ज्याचं पटणार नाही त्याची जोडणी तोडावी, विषय संपला. वरून हुकूम सोडणारा कोणी नाही.

हे बाईला फार आवडलं होतं. पण वरचा हुकूमदार गेला की ती जागा भरायला किती जण धावतात, हे तिला नंतर कळलं. मंडळात चारशे सभासद. त्यातले तीस मशीन दुरुस्त करायचे, बाकीचे नियम दुरुस्त करायचे.

त्या नियमवाल्यांचा म्होरक्या होता तिचा धाकटा दीर. दुकानावरच्या खोलीत राहायचा. बाईच्या सासऱ्यांच्या हाताखाली याच दुकानात दहा वर्षं काढलेली, हात सोन्यासारखा. पण पुढे छापखान्यात प्रुफं तपासायला लागला आणि दुसऱ्यांच्या चुका काढायची जी चटक लागली ती लागलीच.

शेजारच्या एका सर्व्हरवर कोणीतरी लिहिलं की विजेवरची मशीनं म्हणजे खेळणी, खरं मशीन पायाचंच. झालं, दीर तणतणत खाली आला.

"वहिनी, त्यांची जोडणी तोडा. आजच्या आज."

"त्यांना खेळणी वाटतात तर वाटू देत. तुमचं काय दुखतंय, भाऊजी?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"मग तुम्हीच सांभाळा ते. माझ्या कपाटात जागा नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने मंडळावर लांबलचक निरोपाचं पत्र टाकलं. त्यात गुलामगिरी हा शब्द सहा वेळा होता. पाठोपाठ सव्वीस जण बाहेर पडले आणि भाऊजींचा स्वतंत्र सर्व्हर उभा राहिला: बाईच्या बरोबर डोक्यावर, बाईच्याच इंटरनेटवर.

"वेगळा झालास तरी जेवायला येणार ना रे?" सासूबाईंनी काळजीने विचारलं.

तो आला. रोज दोन्ही वेळा आला.

स्वातंत्र्य म्हणजे दार सताड उघडं, असं त्याचं धोरण. कोणीही यावं, नाव नोंदवावं, विचारपूस नाही. आठवड्याच्या आत हजारो खोटी खाती आली आणि त्याच्या पत्त्यावरून जगभरच्या मंडळांत वजन घटवायच्या गोळ्यांच्या जाहिराती ओतू लागली. एकेका सर्व्हरने त्याची जोडणी तोडली. बाईनेही तोडली, चहाचा कप हातात असताना, एका बोटाने. सव्वीस अनुयायी नवी नावं घेऊन गुपचूप तिच्याकडे परतले. त्यांच्या लिहिण्याच्या ढंगावरून तिने एकेकाला ओळखलं आणि आत घेतलं. हाकलण्याइतकीही त्यांची किंमत तिला वाटली नाही.

दीर मात्र रोज लिहीत होता. त्याचा शब्द घराच्या भिंतीबाहेर जात नव्हता आणि त्याला याचा पत्ताच नव्हता.

"बघा," तो जेवताना म्हणाला, "आता विरोध करायला कोणी उरलेलं नाही."

बाईने त्याला भाजी वाढली. सांगितलं काही नाही. तीन आठवडे तिने ही मजा चाखली.

मग एके दुपारी मंडळावर एका निवृत्त शिंपीणबाईचा प्रश्न आला. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतोय, खालच्या दोऱ्याची बॉबिन तीनदा बदलली, काही उपयोग नाही. शेवटी लिहिलं होतं, 'तुमचे दीर असलं फार छान समजावून सांगायचे. ते आजारी आहेत का? त्यांना लिहिलं, पण उत्तर येत नाही.'

बाईने ते दोनदा वाचलं. तिला स्वतः उत्तर देता आलं असतं. पण 'आजारी आहेत का' याला काय लिहायचं? ती जिना चढून वर गेली.

"भाऊजी, तुमचं लिहिलेलं कोणालाच दिसत नाही. सगळ्यांनी तुम्हाला तोडलंय. मीसुद्धा."

तो पडद्याकडे वळला. "कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

"आणि तुम्ही रोज मला वाढत होतात."

बाईने आजवर दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेली तुच्छता थोडी स्वतःच्याही वाट्याला आली आणि ती मुळीच गोड लागली नाही. तिने फोन पुढे धरला. "शिंपीणबाई तुम्हाला विचारतायत. सांगा, मी लिहिते."

त्याने प्रश्न वाचला, घसा खाकरला. "लिहा. सर्वप्रथम, विचारस्वातंत्र्याच्या या गळचेपीबद्दल…"

"गुंत्याचं सांगा."

मग त्याचा आवाज खाली आला, दुकानातला जुना आवाज. "गुंता खाली दिसतो म्हणून लोक बॉबिनला धोपटतात. बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. दोरा ओवताना दाबाचा पाय, म्हणजे कापड दाबून धरणारा, वर उचललेला हवा, नाहीतर दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसत नाही. पाय उचला, दोरा काढून पुन्हा ओवा."

तिने तेवढंच लिहिलं आणि खाली त्याचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईचं उत्तर आलं: टाका सरळ पडला.

भाऊजींनी खोटी खाती पुसायला पाच दिवस घेतले. खरी किती उरली, हे बाईने विचारलं नाही. त्याच्या सर्व्हरचं दार नीट लागल्याची खात्री करून तिने जोडणी परत दिली, आणि त्याच संध्याकाळी त्याने विजेच्या मशीनांच्या सन्मानार्थ एक जाहीरनामा टाकला. खाली लगेच सव्वीस जणांची सहमती होती.

बाईने तो अर्धा वाचला, फोन पालथा ठेवला आणि पेचकस शोधायला लागली.