बोहणीच्या आधीची सुरमई

मानसीने पिठाच्या डब्याशी बोलायला सुरुवात केली त्याला महिना होत आला होता, आणि सुंदराबाईंच्या मते त्यापेक्षा तिने घरात भांडण केलेलं परवडलं असतं.

एरवी या सुनेच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे पायातला काटा काढण्यासारखं. जेवलीस? हो. डोकं दुखतंय? नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सासूला उलट उत्तर दिलं नाही की सुलटही दिलं नाही. आणि आता नवरा, जगदीश, सकाळी हॉस्पिटलच्या ड्युटीवर गेला की ही केस चापूनचोपून बसवायची, डब्याला मोबाइल टेकवायची आणि असा काही गोड आवाज काढायची की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत. "नमस्कार मंडळी, आज आपण बघणार आहोत बांगडा साफ कसा करायचा." मंडळी कुठली? लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत मंडळी म्हणजे एक सासू आणि एक फ्रीज.

"हा कोणाचा आवाज काढतेस गो?" सुंदराबाईंनी एकदा विचारलंच.

"माझाच आहे, आई."

"तुझा मला ठाऊक आहे. हा दुसऱ्या कोणाचा तरी उचलून आणलायस. परत दे तिला."

मानसी हसली आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणायला उभी राहिली. दुसऱ्या वेळी शेजारच्या मनवाच्या कुकरने शिटी दिली होती.

लोअर परळच्या ऑफिसात मानसी नऊ वर्षं होती. दिवाळीनंतर ऑफिस पुण्याला गेलं, ही इथे राहिली. दोन महिने घरात नुसती कपडे घडी करत बसली आणि मग हे सुरू केलं. चॅनलचं नाव ठेवलं 'घाटावरची सून, कोकणचा मासा'. नाव ऐकून सुंदराबाई म्हणाल्या, "सून तू. मग कोकणचा मासा कोण, मी?"

पण त्यात तथ्य होतं. मानसीचं माहेर कराडकडचं. तिथे अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. लग्न होऊन आली तेव्हा कोलंबी बघून ती किंचाळली होती. मासा धरायचा कसा, चिरायचा कसा, कुठल्याला कोकम नि कुठल्याला तिरफळं, हे सगळं सुंदराबाईंनी शिकवलं, शिव्या देत का होईना. आता तीच नवख्यांना शिकवायला निघाली होती. तिचं म्हणणं, जिला येतं तिला आपण कुठे अडलो होतो ते आठवत नाही. मला आठवतंय.

हे म्हणणं सुंदराबाईंना पटलं होतं, पण तसं बोलायची त्यांना गरज वाटली नाही. त्यांना वेगळाच प्रश्न छळत होता.

"बघतं कोण हे?"

"सतरा जणांनी सबस्क्राइब केलंय."

"सतरा कोण?"

"ते कळत नाही, आई. नुसता आकडा दिसतो."

हे काही सुंदराबाईंच्या पचनी पडेना. चाळीच्या चारही माळ्यांवर कोणाचं लग्न कोणामुळे मोडलं आणि कोणाच्या घरी आज कसली फोडणी बसली, हे त्यांना गॅलरीत बसून सांगता येई. आणि ही बाई सतरा माणसांशी रोज बोलते, पण त्यांतल्या एकाचंही तोंड तिने बघितलेलं नाही. उद्या त्यांतला एखादा जिन्यात भेटला तरी ओळखायचा कसा? जगदीश एक. मानसीच्या दोघी बहिणी. मनवा. उरले तेरा. भाजी निवडताना सुंदराबाई ते तेरा जण कोण असतील याचा विचार करू लागल्या. मधूनच विचारत, "आज किती?"

"एकोणीस."

"दोन वाढले ते कुठले?"

एकदा एकीने खाली लिहून पाठवलं. सुंदराबाईंची शाळा दुसरीत सुटली होती, पण त्यांनी चष्मा लावून, बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. ताई, पापलेट शेपटीने उचलू नका. अनुजा.

"बरोबर सांगितलंन. कोण गो ही?"

"काय माहीत."

आणखी एकाने विचारलं होतं, मागून 'गॅस बारीक कर' असं कोण ओरडलं? सुंदराबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मात्र त्यानंतर रेकॉर्डिंग सुरू झालं की त्यांना नेमका खोकला यायचा.

बुधवारी संकष्टी होती. त्या दिवशी घरात मासळी येत नाही, म्हणून सुंदराबाई बाजारात गेल्या नाहीत. मानसी मात्र सकाळी साडेसहालाच पिशवी न घेता बाहेर पडली आणि तासाभराने खुशीत परत आली. आज बाजार रिकामा होता, ती म्हणाली, उजेड छान होता, धक्काबुक्की नाही. 'ताजा मासा कसा ओळखावा' असा व्हिडिओ मनासारखा मिळाला. सुंदराबाई पूजेच्या दुर्वा निवडत होत्या. त्यांनी "हं" म्हटलं.

शुक्रवारी त्या नेहमीसारख्या बाजारात गेल्या.

शेवंतीच्या ओट्याशी सुंदराबाईंचं बत्तीस वर्षांचं नातं. शेवंती वरळी कोळीवाड्यातली. तिचा ठाम समज होता की सुंदराबाईंच्या हातून पहिली विक्री झाली की टोपली दुपारच्या आत रिकामी होते. म्हणून बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी ती बोहणीसाठी यांची वाट बघे, दुसरं गिऱ्हाईक आलं तरी त्याला बोलण्यात गुंतवून ठेवी. नवरा गेला, गिरणी तर त्याच्याही आधी गेली, मुलगा आपल्या कामाला लागला. आपण आल्याशिवाय कोणाचं काही सुरू होत नाही अशी सुंदराबाईंना जगात एवढी एकच जागा उरली होती.

आज शेवंतीच्या ओट्यावर तीन बायका होत्या आणि बोहणी कधीच होऊन गेली होती.

"काय गो शेवंते, काय आणलंस?"

"दिसतंय ते." शेवंतीने मान वर केली नाही.

"सुरमई दाखव."

"कशाला? आमची सुरमई शिळी असते. डोला पांढरा असतोय तिचा. तुझ्या सुनेनं जगाला सांगितलाय."

बाजूच्या बायका सरकून जवळ आल्या. शेवंतीने कोयता ओट्यावर ठेवला.

"परवा संकष्टी. गिऱ्हाईकाचा पत्ता नाय. बोहणी व्हायची होती. तुझी सून आली तशी मी म्हटलं, चला, सुंदराबायच्या घरचा पाय लागला. तिनं काय केलान? आठच्या आठ सुरमया उलट्यापालट्या केल्यान, कल्ले उघडलेन, मोबाइलला दाखवलेन. 'ही ताजी नाही, मंडळी.' आणि थँक्यू मावशी करून हात हलवत गेली. बारा वाजले बाय मला बोहणीला. बारा."

सुंदराबाईंनी नुसता बांगड्याचा एक वाटा मागितला. शेवंतीने मोजून दिला. वर एक जास्तीचा बांगडा टाकायची तिची रीत होती. तो टाकला नाही.

घरी येऊन सुंदराबाईंनी पिशवी मोरीत ठेवली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाल्या, "तो परवाचा लाव."

"आई, चारशे बारा जणांनी बघितला तो. इतके कधीच..."

"लाव म्हटलं ना."

त्या एवढ्याशा काचेत आपला बाजार बघताना सुंदराबाईंना चमत्कारिक वाटलं. ओले ओटे, बर्फ, कोपऱ्यात शेवंतीचा बांगड्या भरलेला हात. तो हात एकदा पुढे आला आणि मागे गेला. मग मानसीचा तो साखरेचा आवाज आणि सुरमईचा डोळा.

"थांबव. मागे ने. हा डोळा कुठल्या बाजूचा?"

"कुठल्या म्हणजे?"

"बर्फाला टेकलेल्या बाजूचा आहे तो. पहाटेपासून बर्फावर पडलेला डोळा पांढरा होणार नाही तर काय? तुझा गाल ठेव बर्फावर, बघूया रंग. आणि हा कल्ला बघ. लालभडक. चारशे जणांना तूच दाखवतेस आणि तुलाच दिसत नाही?"

"पण तुम्हीच सांगितलं होतं, डोळा बघ म्हणून."

"मी मासा उलटवून दोन्ही डोळे बघते. तू माझं तोंड ऐकलंस, हात बघितला नाहीस. आणि तेही एक वेळ सोड. बोहणी झाली नसताना हात लावून, नावं ठेवून, काही न घेता परत आलीस?"

"संकष्टी होती ना आई, घेऊन काय करणार होते?" मानसी गोंधळली. "आणि बोहणीच्या आधी हात लावला तर काय होतं?"

ती वेड पांघरत नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं. सुंदराबाईंनी सांगितलं. पहिलं गिऱ्हाईक माशाला हात लावून रिकामं गेलं की कोळणीचा दिवस नासतो. निदान ती तसं मानते, आणि तिने मानलं की झालं. घ्यायचं नसेल तर लांबून बघायचं.

मानसीचा चेहरा उतरला. "मला हे कोणी सांगितलंच नाही."

खरंच होतं ते. अकरा वर्षांत सगळं शिकवलं, एवढं राहिलं. पहिला हात कायम त्यांचाच. त्यांनी सुनेला कधी पुढे होऊच दिलं नव्हतं, मग ती शिकणार कुठून?

"मी काढून टाकते तो व्हिडिओ. आत्ता."

"काढ. पण त्या चारशे बारा जणांच्या डोक्यातून कसा काढणार? ते कोण, कुठले, ते तर तुला ठाऊक नाही. दारोदार फिरशील?"

व्हिडिओ तिने काढला की नाही ते सुंदराबाईंनी विचारलं नाही. रात्री जेवताना मानसीच म्हणाली, "रविवारी मी येऊ तुमच्याबरोबर? अगदी बोहणीच्या वेळेला?"

"मोबाइल घे. आणि तो आवाज घरी ठेव."

रविवारी त्या पोहोचल्या तेव्हा शेवंती बर्फ पसरत होती. तिने दोघींना बघितलं आणि पुन्हा बर्फ पसरू लागली. सुंदराबाई दोन पावलं मागे थांबल्या.

"मावशी, बोहणी व्हायची आहे?" मानसीने विचारलं.

"हाय."

"माझ्या हातची चालेल?"

शेवंतीने सुंदराबाईंकडे बघितलं. सुंदराबाई शेजारच्या ओट्यावरची कोलंबी अशा काही निरखत होत्या की जणू जन्मात पहिल्यांदा बघताहेत. बत्तीस वर्षांत हा मान त्यांनी कोणाला दिला नव्हता. तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"हिचा हात मला ठाऊक हाय," शेवंती म्हणाली. "तुझा बुधवारी ठाऊक झाला."

मानसीने मान हलवली. मोबाइल बर्फाच्या खोक्याला टेकवला, सुरू केला. आज मंडळी नव्हती, नमस्कार नव्हता. आवाज घोगरा आणि कराडचा होता.

"बुधवारी मी इथं एक सुरमई दाखवून ताजी नाही म्हणाले. ती ताजी होती. मी एकाच बाजूचा डोळा बघितला, बर्फाकडचा. मला कळत नव्हतं आणि मी कळतंय असं बोलले. शिवाय मावशींची बोहणी झाली नव्हती, आणि मी..." ती अडखळली. तिने खाली वाकून एक सुरमई उचलली, उलटवली. "हा बघा बर्फाकडचा डोळा. आणि हा वरचा. आणि कल्ला..."

"अगो नीट धर," शेवंती न राहवून म्हणाली. "दोन्ही हातांनी. पापलेटपण शेपटीनं उचलतेस तू. अनुजानं लिवला होता ना तुला?"

मानसी थबकली. कोलंबी निरखणाऱ्या सुंदराबाईही वळल्या.

"कोण अनुजा?"

"माझी सून. ती लावते, आम्ही जेवताना बघतो. पैल्या दिवसापासून बघतो. आमच्या गल्लीत पाच घरांत लागतेस तू. हसतात सगळी."

"हसतात?"

"मग? बांगड्याला साबण लावून धुशील अशी भीती वाटते तुझी." शेवंतीने पदराने हात पुसले. आवाज जरा खाली आला. "पण बघतात. सुंदराबायची सून म्हणून मीच सांगितलाय सगळ्यांना. म्हणून तर लागला मला."

पाच घरं. सुंदराबाईंनी मनातल्या मनात ती उरलेल्या तेरांतून वजा केली. महिनाभर ज्यांना शोधत होत्या ती माणसं दर दोन दिवसांनी त्यांना बांगडा मोजून देत होती.

शेवंतीने मानसीच्या हातातून सुरमई घेतली आणि मोबाइलकडे वळून स्वतःच दाखवू लागली. डोळा कसा बघायचा, बोट दाबलं की मांस वर यायला हवं, वास कुठून घ्यायचा. बोलून झाल्यावर तिने विचारलं, "झाला? आता घेणार का परत रिकामी जाणार?"

मानसीने अख्खी सुरमई घेतली. शेवंतीने तिची नोट तराजूला लावली, कपाळाला लावली, कनवटीला खोचली. तुकड्या केल्या आणि डोकं वेगळं बांधलं, सुंदराबाईंना सारासाठी लागतं तसं.

चाळीच्या जिन्यात सुंदराबाई गुडघा धरून थांबल्या. मानसी दोन पायऱ्या वर होती, हातात पिशवी.

"आई, ठीक झालं का?"

सुंदराबाईंनी दम घेतला आणि सुनेला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ऐक. मासा तुला अजून कळत नाही. आणखी दहा वर्षं तरी कळणार नाही. पण एवढ्या लोकांपुढे चुकले म्हणून मला नसतं सांगता आलं. मी शेवंतीशी भांडून आले असते आणि तिचा ओटा सोडला असता. तेव्हा हे तुझं बंद करायचं नाही. तो उसना आवाज तेवढा परत देऊन टाक. आणि मंडळी-मंडळी कशाला करतेस? पाच घरं कळलीत, अनुजाला विचारून त्यांची नावं घे आणि नावानं बोल. बाकीची मी शोधते." त्या कठड्याला धरून पुढची पायरी चढल्या. "बुधवार-शुक्रवार बोहणी माझी. रविवार तुझा."