वरची मूठ

"सात म्हणजे सात," आमच्या ह्यांनी पिशवी उजव्या हातात तोलली, मग डाव्या हातात तोलली आणि खाली ठेवली.

"कशावरून?" मी म्हणाले.

तिथंच सकाळच्या चहाचा विचका झाला. एकतीस वर्षं धान्याच्या बाजारात मापाडी म्हणून काढलेल्या माणसाला बायकोनं 'कशावरून' विचारायचं नसतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण विमानाला सहा तास राहिले होते आणि तोंड आवरायला सवड नव्हती.

"हिला कशावरून ते सांगा कुणीतरी," हे दाराकडं बघून म्हणाले, जसे काही दारात पंच येऊन बसलेत.

"वाण्याच्या दुकानात काटा आहे. ठेवून बघू, मिटलं."

"त्या डब्यावर?"

झालं. डब्याचं नाव निघालं की ह्यांचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा होतो. दोन वर्षांपूर्वी बाजारात आकडे दाखवणारे काटे आले. त्याआधी घेणारा नि विकणारा भांडायला लागले की दोघंही ह्यांना हाक मारायचे. हे पोतं कवेत घेऊन उचलायचे, डोळे मिटायचे, आकडा सांगायचे, की भांडण बंद. काटे आले आणि हाक बंद झाली. आकडा वाचायला डोळे पुरतात, हात लागत नाही. ह्यांनी काम सोडलं, आणि ज्या ज्या दुकानात तो डबा आहे त्या दुकानाची पायरीही. वाण्याकडचं मीठ-मिरची तेव्हापासून मीच आणते.

तर काटा नाही. हातच. आणि त्या हातावर आम्ही दोघं आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायला निघालो होतो.

कारण माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण लांब दिलेली. आदल्या दिवशी तिचा रडत फोन आला. "दादा, बियाण्याचं पीठ झालं रे! डबा उघडला तर मुगापेक्षा भुंगे जास्त. दुकानात गेले तर तिथंही संपलंय. आणि जमीन अशी वाफशावर आलीय ना, उद्या-परवापर्यंत पेरलं तर पेरलं. नंतर हे ऊन सगळी ओल पिऊन टाकील."

वाफसा म्हणजे माती मुठीत दाबली तर लाडू व्हावा आणि बोट लावलं तर फुटावा. त्याला ना कॅलेंडर कळतं, ना कुणाची अडचण. आमच्याकडं सासूबाईंपासून चालत आलेलं बियाणं राखेत घोळून मडक्यांत भरलेलं होतं. तिच्या अडीच एकराला चौदा किलो लागणार होतं. रेल्वेनं दीड दिवस. मग भाच्यानं फोनवर खटाटोप करून स्वस्तातल्या विमानाची दोन तिकिटं काढली.

"मामी, नीट ऐक," तो मला म्हणाला, कारण मामाला समजावण्यात अर्थ नाही हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. "ह्या विमानात पाणीसुद्धा विकत. सामान फक्त हातातलं, माणशी सात किलो. वर गेलं की जवळजवळ तिकिटाएवढे पैसे घेतात, नाहीतर काढून टाकायला लावतात."

सात नि सात चौदा. हिशेब इतका बरोबर जुळला की मला भीतीच वाटली. चौदा किलो बियाणं नेलं तर कपड्यांना जागा उरत नव्हती. म्हणून कपडे अंगावर. ह्यांनी तीन शर्ट घातले, दोन विजारी. मी एकीवर एक अशा तीन साड्या नेसले. घरातून निघाले तेव्हा उंबऱ्यावर पाय उचलेना. शेजारीण म्हणाली, "अगं, पाय सुजलेत का तुझे?" मी म्हटलं, "नाही, सगळीच सुजलेय."

विमानतळावर सामान आत सरकवणाऱ्या यंत्रापाशी एकानं पिशव्या उघडायला लावल्या.

"हे काय?"

"मूग," हे म्हणाले.

"एवढे?"

"अडीच एकराचे."

त्यानं हात घालून बघितलं, वास घेतला आणि जा म्हणाला. मला मात्र पडद्याआड एका बाईनं अंगाला यंत्र लावून तपासलं. यंत्र गप्प होतं, बाई गप्प बसेना.

"मावशी, साड्या किती?"

"तीन."

"का?"

"दोन दिवस राहायचंय."

तिनं बोटांवर हिशेब केला आणि इतकी हसली की बाहेरून कुणीतरी "काय झालं?" म्हणून ओरडलं.

इथवर ह्यांची स्वारी खुशीत होती. विमानाच्या शेवटच्या दारापाशी रांग लागली आणि हे एकदम थबकले. दारात गणवेशातली एक पोरगी उभी होती, आणि तिच्या पायाशी जमिनीवर लोखंडी चौकोनी पाट, त्याला दांडा, दांड्यावर लाल आकडे.

"इथंही हा आहे," हे पुटपुटले. वैऱ्यानं पाहुण्याच्या घरी गाठावं तसा त्यांचा आवाज झाला.

आमच्या मागं एक सुटाबुटातला माणूस. कानाला फोन, हातात चाकांची पेटी. रांग बोटभर सरकली की हा हातभर सरकायचा. त्याचा श्वास माझ्या मानेवर. "चला ना, चला ना पुढं," असं तो फोनवर बोलत होता का आम्हाला, तेच कळेना.

माझी पिशवी आधी ठेवली. लाल आकडे नाचले नि थांबले. सात किलो सातशे चाळीस.

"काकू, जवळजवळ पाऊण किलो जादा आहे," पोरगी म्हणाली. बिचारी सकाळपासून हेच वाक्य बोलत असावी, तिच्या आवाजात ना राग होता ना दया. "पैसे भरा, नाहीतर तेवढं काढून तिथं टाका."

तिथं म्हणजे एक मोठी कचऱ्याची पेटी होती. मी मनातल्या मनात हिशेब केला. माझ्या पिशवीतलं पाऊण, ह्यांच्या पिशवीतलं पाऊण. दीड किलो बियाणं. म्हणजे नणंदेचं दहा गुंठे रान ह्या पेटीत जाणार. आणि भरायला पैसे म्हणाल, तर उतरल्यावर बसच्या भाड्यापुरते होते.

"सात आहे," हे म्हणाले.

"काका, मशीन आहे ते. मशीन कसं चुकेल?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. बाजारातलं काम सोडून घरी आले त्या दुपारी हे असेच दिसत होते, टोपी काढून हातात धरलेली आणि ती कुठं ठेवायची ते सुचत नाही असे. खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात आलं, साठी उलटली. हात म्हातारा झाला असेल. मी जीभ चावली. हे वाक्य तोंडातून निघालं असतं तर चौदा किलो पोचून तरी काय उपयोग होता?

"अहो, बाजूला घ्या ना त्यांना," मागचा सुटवाला म्हणाला. "विमान सुटेल एवढ्या-तेवढ्यापायी!"

तेवढ्यात हे मटकन खाली बसले.

"काका! चक्कर आली का? पाणी आणू?" पोरगी घाबरली.

"पाणी विकत असतं इथं," हे उकिडवे बसून म्हणाले आणि मान वाकडी करून पाटाच्या कडेनं बघायला लागले. मग बोट उचललं. "साहेब, पाय काढा."

"काय?"

"बूट. काट्यावर आहे तुमचा."

सगळी रांग वाकली. सुटवाल्याच्या चकचकीत बुटाचं टोक पाटाच्या कडेवर टेकलेलं होतं. पुढं सरकायच्या घाईत त्यानं ते कधी टेकवलं, त्यालाही माहीत नसावं.

"एकतीस वर्षं मी काट्याकडं कधी बघितलं नाही," हे उठत म्हणाले, गुडघे कडकड वाजले. "पायांकडं बघत आलो. आमच्या बाजारात मुद्दाम टेकवतात. तुमचा आपला नकळत असेल, असं म्हणू."

त्यानं पाय काढला. आकडे झरझर खाली आले. मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

सात किलो एकशेवीस.

ह्यांनी आकडा वाचला. कान खाजवला. "अगं..."

"काय?"

"सवय."

"कसली सवय?"

"माप पुरं झालं की वर एक मूठ टाकायची. घेणाऱ्याला घरी जाऊन कमी भरायला नको म्हणून. सकाळी तू भांडत होतीस तेव्हा... दोन्हीत टाकली असणार."

"अहो, पण घेणारं कोण होतं? आपलीच पिशवी, आपणच घेणार, आणि वर आपल्यालाच मूठ?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. पोरगीसुद्धा ओठ दाबून हसत होती. "असू दे काका. एवढं आम्ही सोडतो. जा तुम्ही."

मी पिशवीला हात घातला. हे म्हणाले, "थांब. सात म्हणजे सात."

"अहो, ती जा म्हणतेय!"

"ती म्हणतेय. तिचा चांगुलपणा झाला. माप नाही म्हणत."

बापरे, ह्या माणसाचं काय करावं! तीन साड्यांत माझ्या अंगाची भट्टी झालेली, दारापलीकडं विमान उभं, आणि हे शांतपणे पिशवीची गाठ सोडतायत. मूठ आत गेली, न बघता बाहेर आली. आकडे हलले. सात किलो, पुढं तीन शून्यं.

रांगेतून "ओहो" असा आवाज आला.

दुसऱ्या पिशवीतून ह्यांनी आधीच मूठ काढली नि मग पिशवी पाटावर ठेवली. सहा किलो नऊशे पंचाण्णव. ह्यांच्या कपाळाला आठी. मूठ उघडली, त्यातले चिमूटभर मूग दोन बोटांनी उचलून परत टाकले. सात. मगच आठी गेली. राहिलेल्या मुठी त्यांनी शर्टाच्या खिशांत ओतल्या. अंगावरचं कुणी मोजत नव्हतं. तीन शर्टांना पाच खिसे होते. हे घरीच सुचलं असतं तर मी एका साडीत आले असते, पण ते मी तेव्हा बोलले नाही. नंतर पुष्कळ वेळा बोलले.

"काका," पोरगीनं सुटवाल्याच्या पेटीकडं बोट केलं, "ही किती असेल?"

ह्यांनी पेटी उचलली. डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना डोळे मिटून ओझं धरलेलं बघत होते. "दहा. वर दोनशे."

पेटी पाटावर गेली. दहा किलो दोनशे दहा.

"दहा ग्रॅम इकडं-तिकडं झाले," हे नाराजीनं म्हणाले. सुटवाला पैशाचं पाकीट शोधायला लागला.

मग काय विचारता! "काका, माझी बघा", "काका, माझीपण", "आजोबा, हिच्यात जास्त आहे का माझ्यात?" ज्यांची पेटी सातच्या आत होती त्यांनीही पुढं केली. हे उचलतायत, आकडा सांगतायत, पोरगी ठेवून बघतेय, लोक टाळ्या पिटतायत. शेवटी आतून भोंग्यावर आमची नावं घेतली तेव्हा मी ह्यांना दंडाला धरून ओढत नेलं. विमान आमच्यामुळं सहा मिनिटं थांबलं, असं हवाईसुंदरी म्हणाली. हसून म्हणाली, पण म्हणाली.

विमानाचं मी फार काही सांगू शकत नाही. पट्टा माझ्या तीन साड्यांवरून पुरेना तेव्हा जोडपट्टा आणला, वर उडालो तेव्हा मी डोळे मिटले, उघडले तर उतरायची सूचना. पंचावन्न मिनिटं. एकदाच ह्यांच्याकडं बघितलं. खिडकीची जागा असून हे बाहेर बघत नव्हते. दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडंच बघत होते.

"काय झालं?"

"काही नाही." तळवे मिटले, उघडले. "आहे गं अजून."

"मला वाटलं होतं, हात चुकला," मी म्हणाले. असं कबूल करायला मला जमिनीवर धीर झाला नसता.

"मलापण वाटलं होतं," हे म्हणाले.

नणंदेनं दारातच मला मिठी मारली आणि मागं सरून बघितलं. "वहिनी, किती सुटलीस गं! दादा काय खायला घालतो?" मी आत जाऊन दोन साड्या उतरवून आले तर म्हणते, "इतक्यात वाळलीस?"

बोलायला फुरसत नव्हती. बैल जुंपून उभे होते. ह्यांनी वाकून माती उचलली, दाबली, लाडू झाला. बोटानं फोडला, फुटला. नुसती मान हलवली आणि तिफणीच्या मागं गेले. पेरताना बी तिफणीवरच्या चाड्यात, त्या लाकडी वाटीत, सोडायचं असतं, मूठ सैल पडली तर बी आधीच संपतं, आवळली तर उगवण विरळ. नणंदेचे मालक बैल हाकत होते, हे मुठीतून बी सोडत होते आणि नणंद नि मी बांधावर बसून एकमेकींच्या तक्रारी ऐकत होतो. दिवस कलायच्या आत अडीच एकर झालं. पहाटे उठून बघते तर रानाची वरची माती पांढरी पडायला लागलेली, वारा सुटलेला. रेल्वेनं आलो असतो तर पेरणी धुळीत गेली असती. नणंदेनं ह्यांच्या ताटात दोनदा वाढलं, नको म्हणताना.

निघायच्या दिवशी तिनं गाठोडं बांधलं. शेंगा घातल्या, गुळाची ढेप घातली, माझ्यासाठी साडी, वर आणखी काय काय कोंबलं. भाचा फोन काढून परतीचं विमान शोधत होता. ह्यांनी गाठोडं उचललं, डोळे मिटले.

"तेवीस. वर थोडं."

"काढू का काही?" नणंदेचा चेहरा पडला.

"हात लावू नकोस," हे म्हणाले. "रेल्वेनं जातो आम्ही."

"दीड दिवस लागेल हो," मी म्हणाले.

"लागू दे. तिथं कुणी वजन करत नाही."

"मग तुम्हाला करमायचं नाही," मी म्हणाले.