दाताखाली न येणारे मणी

समुद्री शेवाळाच्या चिकाचा थेंब सुईतून कॅल्शियमच्या पाण्यात सोडला की मोहरीएवढा मणी तयार होतो. त्यात कोंडलेलं औषध दिवसभर हळूहळू पाझरतं. प्रयोगशाळेत त्या पाझरण्याचा माझा आलेख इतका सुरेख आला होता की मी हवेतच होते.

मला जमिनीवर आणलं बाबांनी. त्यांना कंपवात आहे. दिवसभर पुरणारी गोळी घशात अडकते म्हणून दादा ती मायेनं कुटून द्यायचा. म्हणजे दिवसाचं औषध एकदम पोटात! सकाळी गरगरायचं आणि दुपारी हात थरथरायचे. मी दादावर भडकले.

"अगं, मग देऊ कशी?" तो म्हणाला. डॉक्टरांनी पातळ औषध दिलं, पण ते दर थोड्या वेळानं घ्यावं लागे.

गोळीऐवजी मणी गिळता येतील का हे पाहायला मी खाण्याच्या शेवाळाचे, बिनऔषधाचे मणी वाळवून सूपमध्ये घातले. कर्रर्र!

"खडे निवडायचे राहिले वाटतं," बाबा म्हणाले.

चावले की मणी फुटणार आणि सगळं औषध मोकळं. विभागप्रमुख मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, "आलेख चांगला आहे, शोधनिबंध छापून मोकळी हो."

"मॅडम, आपल्या काचेच्या भांड्याला दात नाहीत. माणसाला आहेत. दाताखाली येणार नाहीत इतके बारीक मणी करते."

"बारीक केलेस तर औषध भसाभस सुटेल."

"सुटू दे. आवरते मी."

सुई बाजूला ठेवली, चीक तेलात घुसळला, मणी पिठासारखे केले. मॅडमचं खरं ठरलं. मग कोळंबीच्या कवचातल्या द्रव्याचा लेप चढवला. पातळ झाला तर गळती, जाड झाला तर गुठळ्या. पार डोकं उठलं, पण हटले नाही. अखेर औषध ताब्यात आलं.

तसेच रिकामे मणी घरच्या ओट्यावर करून बाबांना सूपमधून दिले. त्यांनी सवयीनं चावलं, गिळलं.

"दाताखाली काही आलं?"

"नाही. घातलं होतंस ना?"

मला रडूच फुटलं. त्यांनी विचारलं, "मला कधी मिळणार हे?"

खोटं बोलवेना. "चाचण्या, परवानग्या... वर्षं जातील, बाबा. तुमच्यापर्यंत कदाचित नाही पोचणार."

बाबांनी वाटी माझ्याकडे सरकवली.

"मग रडत काय बसलीस? सूप दाट होतं, त्यात कळणार नाहीच. आता नुसत्या पाण्यातून दे, नीट चावून बघतो."