पहिली धार

मित्रांनो, माझ्या पोटावरचा हा पोचा आधी पाहून घ्या. घडवणाऱ्या कारागिराकडून राहिलेला तो दोष नाही. मी एक जुना पितळी गडवा आहे. तुमच्यापैकी काही जण मला तांब्या म्हणतील. हा पोचा कसा पडला आणि तो आजवर कुणी ठोकून सरळ का केला नाही, तेच मला सांगायचे आहे.

तांबे आणि जस्त एकत्र वितळवले की पितळ होते. तसाच मी झालो, घडवला गेलो आणि मोर्शीच्या बाजारात उन्हात चमकत बसलो. तिथून पार्वताबाईंनी मला लेकीच्या लग्नात द्यायला घेतले. लेकीचे नाव कौशल्या. तिचा नवरा नत्थुजी बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून, अमरावतीच्या बाजारात कापूस नेई. तो माझ्या गळ्यात दोरी बांधून मला बंडीला टांगी. वाटेत लोक म्हणत, "नत्थुजी, तुमच्या गडव्यातलं पानी लय गार असते बाप्पा!" मला फार अभिमान वाटे.

मग दूर अमेरिकेत युद्ध पेटले. तिथला कापूस विलायतेला जाईना आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. रस्त्यावर बंड्यांची रांग लागली. त्या रांगेच्या कडेने दारूच्या भट्ट्याही आल्या. माझ्या पोटातले पाणी गेले आणि मोहाची दारू आली.

एका संध्याकाळी नत्थुजी झिंगलेला होता. नाल्याच्या काठावरून चाक घसरले आणि बंडी उलटली. मी दगडावर आपटलो. कापसावर बसलेली त्याची लहान लेक तुळसा खाली पडली आणि तिचा हात मोडला. हात पुढे जुळला, पण बंडीच्या घुंगरांचा आवाज आला की ती घरात पळू लागली.

"पोरगी आता तुमच्या बंडीत बसनार नाई," कौशल्या म्हणाली. "तुमी शपथा लय खाता. तिले शपथ नाई समजत, फक्त वास समजते."

नत्थुजीने बैलांच्या शिंगांना हात लावून पुन्हा न पिण्याची शपथ घेतली. अमरावतीला पोचेपर्यंत ती मोडली होती.

त्या दिवशी बाजारात त्याने अकोल्याच्या सूर्यभान गाडीवानाला विचारले, "काहो, आज बैठक कुठी हाय?"

बैठक म्हणजे पिणाऱ्यांची बैठक, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते. सूर्यभानने गंभीर चेहऱ्याने सांगितले, "जानरावभाऊची हाय ना, विहिरीपाशी. पहिल्या धारेचं भेटते तिथी."

भट्टीतून पहिल्यांदा टपकते ती दारू सर्वांत कडक असते; तिला पहिल्या धारेची म्हणतात. नत्थुजी मला घेऊन लगबगीने निघाला. विहिरीपाशी गाडीवान गोल बसले होते. म्हाताऱ्या जानरावांनी मला हातात घेतले, हुंगले आणि चिंच व राख लावून खसाखसा घासले. मग विहिरीतून पाणी शेंदले, मला भरले आणि नत्थुजीला म्हणाले, "ओंजळ कर."

"हे त पानी हाय!"

"विहिरीची आजची पहिली धार हाय, बापू. खोटं काय सांगतलं?"

सगळे हसले. सूर्यभान मागून येऊन बसला आणि म्हणाला, "मले बी असंच फसवून आनलं होतं."

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या त्या बैठकीची रीत साधी होती. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या ओंजळीत पाणी ओतायचे आणि दिवस कसा गेला ते खरे सांगायचे. नत्थुजीची पाळी आली तेव्हा त्याचा हात इतका कापला की माझी धार ओंजळीत कमी आणि धोतरावर जास्त पडली. कुणी हसले नाही. धार हलते ती हातामुळे, पाण्याचा त्यात दोष नसतो. अशा हातांची तिथे सर्वांना ओळख होती; त्यांचेही कधी असेच कापले होते.

नत्थुजी दर खेपेला तिथे जाऊ लागला. माझी धार हळूहळू सरळ पडू लागली. एकदा मात्र परतवाड्याच्या वाटेवर एका भट्टीपाशी तो घसरला. पुढच्या खेपेला तो विहिरीपासून दूर, बैलांच्या आडोशाला बसून राहिला.

"नत्थू, तिकडं काहून बसला?" जानरावांनी हाक मारली. "ये, आज धार तुयी."

"भाऊ, म्या पेली."

"म्हनूनच त बोलावून राहिलो. ज्यानं घेतली, त्यानंच साऱ्यांले पाजाचं. घरी बसला असता त कोनाले पाजलं असतं?"

त्याने सर्वांना पाणी पाजले. त्याचा हात कापत होता, पण त्याने मला खाली ठेवले नाही.

कापसाचा हंगाम सरत आला. एका सकाळी नत्थुजी बैल जुंपत होता. तुळसा अंगणात आली. तिने जुळलेला हात दुसऱ्या हाताला लावला आणि ओंजळ पुढे केली.

"बा, पानी."

नत्थुजीने मला उचलले. तुळसा पाण्याकडे पाहत नव्हती. ती धारेकडे पाहत होती. मित्रांनो, ती धार दोऱ्यासारखी सरळ पडली. पाणी पिऊन तिने त्याच्या तोंडाजवळ नाक नेले आणि हुंगले.

"माय, मी बंडीत बसू?"

कौशल्याने मला नत्थुजीकडून घेऊन तिच्या हातात दिले. "बस. पन गडवा तूच धर."

त्या दिवशी मी बंडीला टांगलेला नव्हतो. तुळसाच्या मांडीवर होतो. नाल्याजवळ नत्थुजी खाली उतरला आणि बैलांच्या पुढे पायी चालत त्याने बंडी पार नेली. पुढेही तो ती तशीच पार नेत राहिला.

तुळसानेच मोठेपणी मला ठोकू दिले नाही. "पोचा राहू द्या, पानी त मावते ना!" असे ती म्हणे. आता मी फळीवर असतो. कधीमधी चिंच लावून घासा, म्हणजे हिरवा होणार नाही. आणि मित्रांनो, तुमच्या ओळखीच्या कुणाचा हात असा कापताना दिसला, तर त्याला हसू नका. मला पाण्याने भरा, त्याच्या हातात द्या आणि तुम्ही आपली ओंजळ पुढे करा.